कॉम्प्युटर सुरू होताच येणारा मेसेज: कोणाचा, कशामुळे आणि कसा घालवायचा

चौकट आली की हात आपोआप ओकेवर जातो. रोज तीच चौकट, रोज तोच ओके. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की त्यात लिहिलेलं काय असतं, तर उत्तर येतं, "काहीतरी एरर आहे." मग सीपीयू दुकानात जातो, तिथे "भिया, विंडोज उड़ गई, फॉर्मेट मारना पड़ेगा" असं ऐकायला मिळतं, आणि एका उरलेल्या नोंदीपायी टॅली, प्रिंटर, मराठी फॉन्ट असं सगळं पुन्हा बसवत बसावं लागतं. विंडोज खरंच उडाली असती तर डेस्कटॉप दिसलाच नसता. डेस्कटॉप येतो, काम चालतं आणि फक्त चौकट त्रास देते, अशा वेळी फॉर्मेट म्हणजे डास मारायला घर पाडणं.

खालची माहिती विंडोज १० आणि ११ धरून आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घराघरांत आणि दुकानांच्या गल्ल्यांवर ती अजून भरपूर चालू आहे. दोन्हींत पायऱ्या जवळपास सारख्याच.

आधी मेसेज उतरवून घ्या

विंडोजची साधी चौकट असेल (वर नाव, मध्ये मजकूर, खाली ओके) तर तिच्यावर एकदा क्लिक करा, कंट्रोल आणि सी दाबा, नोटपॅड उघडा आणि कंट्रोल-व्ही करा. चौकटीचं नाव, मजकूर आणि बटणं, सगळं अक्षरशः उतरतं. ही सोय वर्षानुवर्षं आहे, पण फार थोड्यांना ठाऊक असते. काही प्रोग्रॅमच्या स्वतःच्या रंगीत चौकटी अशा उतरत नाहीत. त्यांचा फोटो काढा.

विंडोजच्या आधीच, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मेसेज येऊन झटकन जात असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ चालू करूनच कॉम्प्युटर सुरू करा आणि नंतर ती फ्रेम थांबवून वाचा. कीबोर्डवरच्या पॉज बटणाने जुन्या मशीनवर पडदा थांबतो, नव्यांवर थांबेलच असं नाही.

आई-बाबा इंदूरला सुदामा नगरात आणि मुलगा पुण्यात, अशी दुरुस्ती फोनवर चालत असेल तर मजकूर वाचून घेऊ नका. वाचताना माणूस नेमकं फाइलचं नाव गाळतो आणि "द स्पेसिफाइड मॉड्यूल" तेवढं सांगतो. फोटो मागवा, आणि सोबत तीन गोष्टी विचारा. पासवर्ड टाकायच्या आधी येतो की नंतर? नंतर येत असेल तर लगेच की मिनिट-दोन मिनिटांनी? आणि तो यायला लागला त्या आठवड्यात काय काढलं, काय बसवलं, लाइट कितीदा गेली?

बोलतंय कोण

बटण दाबल्यापासून डेस्कटॉपपर्यंत चार जण पाळीपाळीने सूत्रं हातात घेतात. पहिला मदरबोर्डवरचा बायोस: कंपनीचा लोगो दिसेपर्यंत किंवा त्याच पडद्यावर जे येतं ते त्याचं. दुसरा बूट मॅनेजर, म्हणजे डिस्कवर विंडोज शोधून तिला उठवणारा. "ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड"सारख्या तक्रारी या सीमेवरच्या. तिसरी स्वतः विंडोज, गोल फिरणाऱ्या ठिपक्यांच्या वेळची. तिचा राग निळ्या पडद्यावर निघतो (विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत तो काळा केलाय). चौथे म्हणजे लॉगइननंतर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम.

पहिल्याच्या मेसेजला चौथ्याचं औषध चालत नाही. "सीपीयू फॅन एरर"वर विंडोज पुन्हा टाकून काहीही होणार नाही, आणि डीएलएलच्या चौकटीवर रॅम पुसूनही नाही.

डेस्कटॉपवर येणारी चौकट

दहातल्या बहुतेक तक्रारी इथल्याच. नमुना घेऊ: चौकटीचं नाव "रनडीएलएल", मजकूर "देअर वॉज अ प्रॉब्लेम स्टार्टिंग", पुढे सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, लॉगीएलडीए डॉट डीएलएल असा पत्ता, आणि खाली "द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड". लॉगिटेकचा माउस किंवा कीबोर्ड कधी काळी लावला असेल अशा अनेक मशीनवर ही दिसते.

आता ती नीट वाचा. "रनडीएलएल" हा गुन्हेगार नाही. ती विंडोजचीच फाइल आहे. डीएलएल फाइल, म्हणजे प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोडचा तुकडा, स्वतःहून चालत नाही, तिला उचलून चालवणारा हा हमाल. त्याला कोणीतरी चिठ्ठी दिलीय की सुरू होताना अमुक पत्त्यावरची फाइल चालव. तो पत्त्यावर गेला, घर रिकामं, म्हणून परत येऊन सांगतोय. म्हणजे फाइल गेली, पण चिठ्ठी राहिली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातला प्रकार. फाइल जाण्याची कारणं बहुधा तीन: प्रोग्रॅम काढताना नोंद मागे राहिली, अँटिव्हायरसने फाइल उचलली आणि नोंद सोडली, किंवा अपडेटने फाइल हलवली.

म्हणून उपाय चिठ्ठी फाडण्याचा, फाइल परत आणण्याचा नाही. फाइलचं नाव इंटरनेटवर टाकलं की "डीएलएल फुकट डाउनलोड"च्या साइट रांगेने उभ्या राहतात. तिथून काहीही उतरवून सिस्टिम३२ मध्ये टाकू नका. चुकीच्या आवृत्तीची, चुकीच्या बिटची किंवा थेट विषारी फाइल घरात येते, आणि चौकट गेलीच तर तिच्या जागी त्याहून वाईट काहीतरी बसतं.

चिठ्ठी शोधायच्या जागा, सोपीपासून अवघडकडे:

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात "स्टार्टअप" किंवा "स्टार्टअप ॲप्स" हा भाग. कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक करून "कमांड लाइन" चालू करा. हा कॉलम लपलेला असतो आणि सगळी गंमत त्यातच आहे: कोणती नोंद नक्की कोणती फाइल बोलावते ते दिसतं. तुमच्या चौकटीतलं नाव सापडलं की नोंदीवर राइट क्लिक आणि डिसेबल. यादीत नुसतं "प्रोग्रॅम" नावाचं, चित्र नसलेलं, कंपनीचं नाव नसलेलं काही दिसलं तर घाबरू नका. "प्रोग्रॅम फाइल्स" या नावात मधे जागा आहे. पत्त्याला अवतरणचिन्हं नसली की विंडोज पहिल्या शब्दावरच अडते. बहुधा ते काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचं भूत असतं.

२. विंडोज आणि आर दाबून रन उघडा, त्यात इंग्रजीत "शेल", अपूर्णविराम आणि "स्टार्टअप" सलग लिहा. फोल्डर उघडेल, तो फक्त तुमच्या खात्याचा. सगळ्यांचा वेगळा असतो: त्यासाठी "शेल", अपूर्णविराम, "कॉमन स्टार्टअप". मेलेले शॉर्टकट दिसले तर उडवा.

३. टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणारं विंडोजचं साधन. चौकट डेस्कटॉप आल्यावर ठरलेल्या अंतराने येत असेल, किंवा दिवसभरात तासातासाला पुन्हा येत असेल, तर सरळ इथेच या, वरच्या दोन जागांत वेळ घालवू नका. डावीकडे टास्क शेड्युलर लायब्ररीवर क्लिक करा, मधल्या यादीत एकेक टास्क निवडून खालचा "ॲक्शन्स" भाग बघा. मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डरात हात घालू नका. सापडलेला टास्क लगेच डिलीट न करता डिसेबल करा; आठवडाभर काही बिघडलं नाही तर मग काढा.

एवढ्यावर नाही सापडलं तर ऑटोरन्स वापरा. सिसइंटर्नल्सचं हे छोटं साधन. ती कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ साली घेतली, त्यामुळे उतरवायचं ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून. बसवावं लागत नाही, झिप उघडून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. वर सांगितलेल्या जागा, रजिस्ट्री (विंडोजची नोंदवही), सर्व्हिसेस (मागे चालणारे प्रोग्रॅम), ड्रायव्हर, सगळ्यांची एकच यादी समोर येते. ऑप्शन्समध्ये "हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज"वर टिक करा म्हणजे यादी आवाक्यात येईल. पिवळ्या रंगातल्या नोंदी म्हणजे ज्यांची फाइल जागेवर नाही त्या. आपल्याला हव्या त्या नेमक्या ह्याच. डावीकडची टिक काढली की नोंद बंद, टिक परत केली की चालू. डिलीट करू नका. टिक काढणं पुरतं आणि चूक झाली तर परत फिरता येतं. आणि प्रत्येक पिवळी ओळ काढायचा उत्साहही नको. आपल्या चौकटीतलं नाव असलेली एक काढा आणि बघा.

बघा म्हणजे रीस्टार्ट करून बघा. शटडाउन करून बटण दाबणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज ८ पासून "फास्ट स्टार्टअप" आलं. त्यात शटडाउनच्या वेळी विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि पुन्हा तोच उठवला जातो. दुरुस्ती बरोबर असूनही "फरक पडला नाही" असं कधीकधी यामुळेच वाटतं.

फाइलचा पत्ता ॲपडेटा किंवा टेम्प फोल्डरातला असेल आणि नाव अर्थहीन अक्षरांची खिचडी असेल, तर बहुधा अँटिव्हायरसने मालवेअरची, म्हणजे घातक प्रोग्रॅमची, फाइल उचललीय आणि नोंद राहिलीय. नोंद काढण्याआधी विंडोज सिक्युरिटीतून "मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन" चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन साधारण पाव तास तपासतो, आणि विंडोज उठायच्या आधी तपासत असल्याने लपलेलंही सापडू शकतं.

वेगळ्या चेहऱ्याच्या चौकटी

"विंडोज स्क्रिप्ट होस्ट" आणि खाली रन डॉट व्हीबीएस सापडत नाही, मागे कधीकधी नुसता काळा पडदा: हा जुना पाहुणा. मालवेअरने लॉगइनच्या नोंदीतच स्वतःला घुसवलं होतं, अँटिव्हायरसने स्क्रिप्ट काढली, नोंद तशीच राहिली. डेस्कटॉप नसेल तर टास्क मॅनेजर उघडा, त्यात "रन न्यू टास्क" निवडून "रेजएडिट" लिहा, रजिस्ट्री उघडेल. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विनलॉगऑन असं उतरत जा. काही बदलण्याआधी फाइल मेनूतून त्या फोल्डरचं एक्सपोर्ट घेऊन ठेवा. "युजरइनिट" या नोंदीत सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टिम३२ मधल्या युजरइनिट डॉट ईएक्सईचा पत्ता आणि शेवटी स्वल्पविराम, एवढंच असावं. तो स्वल्पविराम मूळचाच आहे, चूक समजून पुसू नका. बाकी जे काही चिकटलेलं असेल ते काढा. "शेल" या नोंदीत फक्त एक्सप्लोरर डॉट ईएक्सई. इथे हात थरथरत असेल तर जाणत्याला बसवा. या एका ओळीत चूक झाली तर लॉगइन होताच परत लॉगआउट होत राहतं.

"व्हीसीरनटाइम१४० डॉट डीएलएल" किंवा "एमएसव्हीसीपी१४०" सापडत नाही असं आलं तर मात्र उलट करायचं: इथे फाइल खरोखर हवी आहे. ती मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्यूटेबल या संचातून येते. ६४ बिटच्या विंडोजवरही ३२ आणि ६४ दोन्ही बिटचे संच बसवा, कारण प्रोग्रॅम कोणता मागेल सांगता येत नाही. ज्या एररच्या आकड्याच्या शेवटी ७बी आहे आणि जो "ॲप्लिकेशन वॉज अनेबल टू स्टार्ट करेक्टली" म्हणतो, तो बहुतेकदा याच दोन बिटांच्या सरमिसळीचा.

सुरू होताच नोटपॅड उघडतं आणि त्यात "शेलक्लासइन्फो" वगैरे दोन-तीन ओळी दिसतात? व्हायरस नाही. स्टार्टअप फोल्डरात डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाची लपलेली फाइल असते. तिचा लपलेपणा कोणीतरी काढला, म्हणून विंडोज तिलाही प्रोग्रॅमसारखी उघडते. वर सांगितलेल्या दोन्ही स्टार्टअप फोल्डरांतून ती उडवली तरी चालतं.

डीटीपीच्या कामातल्यांसाठी एक: जुन्या मराठी सॉफ्टवेअरचं यूएसबी कुलूप, म्हणजे डाँगल, लावलेलं नसेल किंवा त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर चालेनासा झाला असेल, तरी अशीच गूढ चौकट येते. डाँगल हबमधून काढून थेट मागच्या पोर्टमध्ये लावून बघा. डिजिटल सहीच्या टोकनलाही हेच लागू.

चौकटीवर नावच नसेल तर

चौकट उघडी ठेवा, ओके करू नका. सिसइंटर्नल्सचंच प्रोसेस एक्सप्लोरर चालवा. त्याच्या टूलबारवर नेमबाजीच्या खुणेसारखं गोल चिन्ह असतं. ते माउसने ओढून चौकटीवर सोडा. चौकट ज्या प्रोग्रॅमची, त्याची ओळ यादीत निवडली जाते. चौकट बंद करून बसला असाल तर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची रोजनिशी) उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, आणि "ॲप्लिकेशन पॉपअप" या नावाची २६ क्रमांकाची नोंद शोधा. विंडोजने स्वतः दाखवलेल्या कित्येक चौकटींचा मजकूर तिथे वेळेसकट राहतो. एखादी सर्व्हिस उठली नाही म्हणून चौकट येत असेल तर त्याच लॉगमध्ये ७००० किंवा ७००९ दिसतील. ७००९ म्हणजे सर्व्हिसने ३० सेकंदांत हजेरी लावली नाही.

तरी नाही? मग क्लीन बूट. रनमध्ये "एमएसकॉन्फिग", सर्व्हिसेसच्या भागात आधी "हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस"वर टिक आणि मगच "डिसेबल ऑल". हा क्रम चुकला तर विंडोजच्या कामाच्या सर्व्हिसेसही बंद पडतात. टास्क मॅनेजरमधले स्टार्टअपही सगळे बंद. रीस्टार्ट. चौकट गेली तर गुन्हेगार बंद केलेल्यांत आहे. आता एकेक चालू करत बसू नका, अर्धे चालू करा. आली तर या अर्ध्यात, नाही आली तर त्या अर्ध्यात. १६ नोंदी असतील तर चार रीस्टार्टमध्ये माणूस सापडतो. काम झाल्यावर बाकीचे चालू करायला विसरू नका, नाहीतर महिन्याने प्रिंटर का चालत नाही याची नवी तपासणी सुरू होते.

एक छोटी चाचणी आधी केली तर बराच घोळ वाचतो: दुसऱ्या युजर खात्याने लॉगइन करा. तिथे चौकट येत नसेल तर नोंद तुमच्या खात्यात आहे, पूर्ण मशीनची नाही.

आणि एसएफसी, डिझम वगैरे विंडोजच्या फाइली दुरुस्त करणारी साधनं? विंडोजच्याच फाइलबद्दल तक्रार असेल तर जरूर चालवा, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून, आधी डिझमचा रिस्टोअरहेल्थ आणि मग एसएफसीचा स्कॅननाऊ. पण रनडीएलएलच्या चौकटीवर त्यांचा उपयोग नाही. ती विंडोजच्या फाइली तपासतात, तुमच्या प्रिंटरवाल्याने मागे टाकलेली चिठ्ठी त्यांना दिसत नाही. सल्ला देणारा सगळ्याच दुखण्यांवर एसएफसी सांगत असेल तर त्याने मेसेज वाचलेला नाही असं समजा.

काळ्या पडद्यावरचे मेसेज, आणि एक छोटा सेल

"सीमॉस चेकसम एरर", "डेट अँड टाइम नॉट सेट", "प्रेस एफ१ टू कंटिन्यू": डेस्कटॉप कॉम्प्युटरवर यातलं काहीही रोज येत असेल तर बहुधा मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. इंदूरच्या जेल रोडवरच्या नॉव्हेल्टी मार्केटात पोहे-जलेबीच्या भावात मिळतो. मल्टिमीटरवर नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली गेलेला बदलाच. आपल्याकडे तो लवकर संपतो याला कारण आहे. मशीनला वीज चालू असेपर्यंत, कॉम्प्युटर बंद असला तरी, घड्याळ एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, स्टँडबाय विजेवर चालतं. आपण रात्री भिंतीवरचा खटका बंद करतो, म्हणजे सगळा भार सेलवर. खटका बंद करणं चूक नाही, पावसाळी विजांच्या दिवसांत तर शहाणपणच. फक्त सेल दर तीन-चार वर्षांनी बदलायचा हे धरून चला.

आता खरी गोम. सेल मेला की तारीख जाते, तशी अनेक मशीनवर बायोसची बाकी मांडणीही मूळपदावर जाते. तारीख मागे गेली की ब्राउझरमध्ये प्रत्येक साइट "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" म्हणायला लागते, कारण त्या जुन्या तारखेला साइटचं प्रमाणपत्र जन्मलेलंच नसतं. लोक नेटवाल्याला फोन करतात. त्याहून वाईट: डिस्कची मांडणी, म्हणजे तिच्याशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून रेडवर किंवा उलट गेली तर विंडोज "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणत निळी पडते, आणि बूटची मांडणी नव्या युईएफआय पद्धतीवरून जुन्या लेगसीवर गेली तर "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस". डिस्क धडधाकट, विंडोज धडधाकट, आणि दोन्ही बदलायचा सल्ला मिळतो. एवढ्याशा सेलपायी.

बदलण्याआधी दोन कामं. मशीन सुरू होत असेल तर बायोसमध्ये जाऊन (डिलीट किंवा एफ२) डिस्क मोड आणि बूटच्या पानांचे फोटो काढा. आणि सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" किंवा बिटलॉकर (दोन्ही डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करतात) चालू आहे का बघा. असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ती मागू शकते, आणि की नसेल तर आतला डेटा गेलाच समजा.

मग खटका बंद, केबल काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. सेलच्या कडेची चिमटीसारखी पट्टी नखाने बाजूला करा, तो आपसूक वर येतो. नवा बसवताना अधिक खुणेची, अक्षरांची बाजू वर. बोटांचा तेलकटपणा दोन्ही बाजूंना लागू देऊ नका. सुरू करून बायोसमध्ये तारीख-वेळ लावा, फोटोप्रमाणे डिस्क मोड करा, बूटमध्ये "विंडोज बूट मॅनेजर" पहिला ठेवा, एफ१० ने सेव्ह. लॅपटॉपमध्ये सेल वायरसकट आत असतो, काहींत नसतोच. ते घरी उघडू नका.

"सीपीयू फॅन एरर": आधी झाकण उघडून पंखा फिरतोय का बघा. एप्रिल-मेच्या इंदुरी धुळीत हीटसिंकच्या (सीपीयूची उष्णता काढणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांत अक्षरशः गालिचा बसतो. पंखा बोटाने धरून ब्रशने आणि हवेने साफ करा. मोकळा सोडून हवा मारली तर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. पंखा फिरत असून मेसेज येतोय तर त्याची पिन "सीपीयू फॅन" लिहिलेल्या जागेऐवजी दुसरीकडे लागलीय, किंवा पंखा बायोसमधल्या किमान वेगापेक्षा हळू आहे; असूसच्या अनेक बोर्डांवर ती मर्यादा मिनिटाला ६०० फेऱ्यांची असते. मर्यादा खाली आणता येते. "इग्नोर" करून मोकळं होऊ नका.

"ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड" आलं की पहिल्यांदा पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची डिस्क काढा. हसू नका, बऱ्याचदा एवढंच असतं. मग बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का? दिसत नसेल तर केबल काढून घट्ट बसवा, दुसरी लावून बघा. दिसत असेल तर बूटचा क्रम आणि वर सांगितलेली मांडणी.

"स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस" हा डिस्कने स्वतःच्या तब्येतीबद्दल दिलेला इशारा. हा एकच मेसेज असा, की आला त्याच दिवशी सगळं सोडून डेटा बाहेर काढायचा. आधी चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला तेवढे श्रमही शेवटचे ठरतात. कॉपी झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५, सी५ आणि सी६ या ओळींचे आकडे बघा, शून्याच्या वर असतील आणि वाढत असतील तर डिस्क गेली. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्कचा दोष बहुधा नाही. साटा केबल बदला.

निळा पडदा

खाली "व्हॉट फेल्ड" असं लिहून एखाद्या फाइलचं नाव असेल तर तेच सगळ्यात मोलाचं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. पडद्यावर त्या कंपनीच्याच ड्रायव्हरचं नाव होतं, आणि उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवण्याचा. पद्धत तुमच्या-आमच्या मशीनलाही तीच. सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद केलं की विंडोज दुरुस्तीच्या पडद्यावर जाते. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि ४ दाबा. सेफ मोडमध्ये नुकताच बसवलेला ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर काढा.

दुकानात न्यायचं ठरलंच तर

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा कुठेही जाताना नोटपॅडमध्ये उतरवलेला मजकूर किंवा फोटो सोबत न्या, आणि काय करून झालं ते कागदावर. "चालू होत नाही" म्हणू नका. "लॉगइननंतर ही चौकट येते, ऑटोरन्समध्ये नोंद सापडली नाही" असं सांगा. डेटाचा बॅकअप आधी स्वतः घ्या. फॉर्मेट विचारल्याशिवाय नाही, हे पावतीवर लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा, सेल असला तरी.